खुर्ची कुणाची, नाव कुणाचं

फाळणीत लाहोर गेलं आणि भारताच्या वाट्याला आलेल्या पंजाबला राजधानीच उरली नाही. सरकार तात्पुरतं शिमल्याला जाऊन बसलं. निर्वासितांचे लोंढे अजून थांबले नव्हते, तिजोरीत खडखडाट होता, आणि अशा दिवसांत शिवालिकच्या पायथ्याशी कोरं शहर वसवायचं ठरलं. चंडीच्या देवळावरून त्याला चंडीगड हे नाव मिळालं, जागेवरची गावं उठवली गेली. आराखड्यासाठी अमेरिकेतून अल्बर्ट मायर हा नगररचनाकार आला. इमारतींचं काम मॅथ्यू नोवित्स्की या पोलिश वास्तुविशारदाकडे होतं. ३१ ऑगस्ट १९५० ला इजिप्तमध्ये विमान कोसळलं, त्यात नोवित्स्की गेला. शहर कागदावरच पोरकं झालं.

मग पंजाब सरकारचे दोन अधिकारी नवा वास्तुविशारद शोधायला युरोपात निघाले. पी. एन. थापर हे आय.सी.एस., पी. एल. वर्मा हे मुख्य अभियंता. लंडनमध्ये मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू या दांपत्याशी बोलणं झालं. ते दोघं यायला तयार झाले आणि राजधानीच्या मोठ्या कामासाठी त्यांनी पॅरिसच्या ल कॉर्बुझिएचं नाव सुचवलं. कॉर्बुझिए तेव्हा साठी ओलांडलेला होता. जगभर दबदबा होता, पण अख्खं शहर बांधायची हौस मात्र कुणी पुरवली नव्हती. तरीही पाहुण्यांना तो म्हणाला की तुमची राजधानी इथे रु द सेव्हरच्या माझ्या स्टुडिओत बसूनच होईल. सरकारला हे मान्य होणं शक्य नव्हतं. गवंड्याशेजारी उभा राहील असा माणूस हवा होता. शेवटी वर्षातून दोनदा, एकेक महिना येऊन जायचं कॉर्बुझिएने कबूल केलं. बाकीचे दहा महिने तिथे कोण राहणार, या प्रश्नाचं उत्तर होतं पिएर जानरे.

हा पिएर त्याच्याच घराण्यातला, नात्याने भाऊ. कॉर्बुझिए हे घेतलेलं नाव, मूळ आडनाव जानरेच. १९२२ पासून दोघांची भागीदारी होती. पॅरिसजवळच्या पोआसीचं व्हिला साव्हॉय दोघांनी मिळून केलं. एक भाऊ लिहायचा, भाषणं द्यायचा, भांडणं ओढवून घ्यायचा. दुसरा ड्रॉइंग बोर्डापाशी उभा राहून रेघ खरी करायचा. १९२७ मध्ये शार्लोत पेरियाँ त्यांच्या स्टुडिओत आली आणि पोलादी नळ्यांची ती प्रसिद्ध आरामखुर्ची तिघांनी मिळून केली. तिघांच्या नावावर तिची नोंद आहे. तरी दुकानात गेलं की कुणीही ‘कॉर्बुझिएची आरामखुर्ची’ असंच म्हणतं. पुढे चंडीगडात काय होणार होतं त्याची ही रंगीत तालीम समजा.

१९४० मध्ये जर्मनांपुढे फ्रान्स पडला आणि भावाभावांचं बिनसलं. काम मिळेल या आशेने कॉर्बुझिए जर्मनधार्जिण्या व्हिशी सरकारच्या दारात जाऊन बसला. पिएर ग्रनोब्लला गेला. तिथे प्रतिकार चळवळीशी त्याचा संबंध आला, आणि याच काळात जाँ प्रुव्हेबरोबर तो कमी लाकडात, कमी लोखंडात उभी राहणारी घरं रचत होता. टंचाईत काम कसं करायचं हे शिक्षण त्याला तिथे मिळालं. कॉर्बुझिएच्या चरित्रकारांना या पर्वाबद्दल नेहमी थोडं अवघडल्यासारखं होतं आणि ते व्हावंच. दहा वर्षं दोघे वेगवेगळ्या वाटांनी चालले. त्यांना पुन्हा एकत्र आणलं ते पंजाबच्या सार्वजनिक बांधकाम खात्याने, ही गोष्ट मला फार गमतीची वाटते.

फेब्रुवारी १९५१. शिमल्याच्या रस्त्यावरचं एक विश्रामगृह. कॉर्बुझिए, जानरे, फ्राय, शिवाय मायर आणि पंजाबचे अधिकारी. कॉर्बुझिएला इंग्रजी बेताचंच, मायरला फ्रेंच बेताचंच, आणि खडू कॉर्बुझिएच्या हातात. मायरच्या आराखड्यातले वळणदार रस्ते त्याने सरळ केले, पंख्यासारखा पसरलेला नकाशा चौकटीत बसवला. काही दिवसांत शहराचा सांगाडा उभा राहिला. आठशे मीटर बाय बाराशे मीटरचे सेक्टर, प्रत्येकात आपापला बाजार, शाळा आणि हिरवा पट्टा. वाशी-नेरुळला राहणाऱ्यांना सेक्टरची ओळख वेगळी करून द्यायला नको. क्रमांक लावताना तेरा आकडा गाळला. इतक्या विज्ञाननिष्ठ शहरात २०२० पर्यंत तेरा नंबरचा सेक्टर नव्हता!

कामाची वाटणी सरळ होती. उत्तरेच्या टोकाला सचिवालय, विधानसभा आणि उच्च न्यायालय असा काँक्रीटचा दरबार कॉर्बुझिएचा. माणसं जिथे राहणार ते शहर, म्हणजे घरं, शाळा, दवाखाने, बाजार, हे उरलेल्या तिघांचं आणि त्यांच्या हाताखाली जमवलेल्या तरुण भारतीय चमूचं. या चमूची यादी वाचताना मराठी नजर प्रभावळकर आणि देठे या दोन आडनावांवर थबकतेच. बाकी मनमोहननाथ शर्मा, बी. पी. माथुर, आदित्य प्रकाश, जीत मल्होत्रा, नगररचनेसाठी एन. एस. लांबा. मुंबईचा पिलू मोदीही त्यात होता. हाच पुढे स्वतंत्र पक्षाचा खासदार झाला आणि ‘मी सी.आय.ए.चा हस्तक आहे’ अशी पाटी गळ्यात अडकवून संसदेत गेला. आणि यूली चौधरी. उत्तर प्रदेशातल्या शाहजहानपूरचा जन्म, सिडनीला वास्तुशास्त्राचं शिक्षण, फ्रेंच उत्तम. चमूत त्या एकट्या बाई, आणि फ्रेंच पत्रव्यवहारापासून नकाशांपर्यंत सगळं त्यांच्या टेबलावरून जायचं. त्यांचं नाव लक्षात ठेवा.

सरकारी घरांचे हुद्द्यानुसार तेरा वर्ग पाडले होते, पुढे चौदा झाले. पहिला मुख्यमंत्र्यांचा, शेवटचे चपराशी आणि सफाई कामगारांचे. समतेच्या गप्पा मारणाऱ्या नव्या देशाने नव्या शहरात पगाराची उतरंड विटांत बांधून ठेवली, असं म्हणता येईल आणि ते खोटं नाही. पण चपराशाच्या घरात दोन खोल्या, स्वयंपाकघर, व्हरांडा, न्हाणी, संडास, नळ आणि वीज असलीच पाहिजे, हा आग्रहही त्याच यादीत होता. जेन ड्रूने सेक्टर २२ मध्ये चपराशांसाठी बैठ्या घरांच्या ओळी आखल्या. १९५० च्या दशकात मुंबईच्या चाळीतल्या किती कारकुनांना स्वतंत्र न्हाणी होती ते आठवून पाहा.

काँक्रीट महाग, पोलाद दुर्मिळ. काचेच्या मोठ्या भिंती उभारल्या तर उन्हाळ्यात आतल्या माणसाची भट्टी होणार. स्वस्त आणि मुबलक होती ती आसपासच्या भट्ट्यांची वीट. जानरेने वीटच हाताशी धरली. नुसती भिंत रचायला नव्हे तर ऊन अडवायला. एक वीट पुढे, एक मागे, मधे फट. अशी जाळी केली की वारा आत येतो, झळ बाहेर राहते आणि आतल्या बायाबापड्यांना रस्त्यावरून कुणी पाहत नाही. खिडक्या लहान आणि भिंतीत खोल. गच्चीला पुरेसा उंच कठडा, कारण उन्हाळ्याच्या रात्री सगळं पंजाब गच्चीवर झोपतं, हे त्याला एका उन्हाळ्यात कळलं असणार. महिनाभरासाठी येऊन जाणाऱ्या पाहुण्याला ते कळायला वेळ लागला असता. फ्राय आणि ड्रू तीन वर्षांचा करार संपवून १९५४ मध्ये परत गेले. जानरे राहिला. पुढे तो पंजाब सरकारचा मुख्य वास्तुविशारद झाला आणि एकूण चौदा वर्षं चंडीगडात होता.

सेक्टर ५ मधलं त्याचं घर अजून आहे. दर्शनी भागाला विटांची जाळी आणि आत हाताने केलेलं सामान. बांबू, सुतळी, लोखंडी सळी, नदीतले गोटे, जे हाताला येईल त्यातून तो काहीतरी करून बघायचा. १९५८ मध्ये सुखना चो या ओढ्यावर बांध घालून तलाव झाला, तेव्हा त्यात फिरवायला त्याने पायाने चालवायची होडीही तयार केली. शहराच्या कोऱ्या नकाशावर भव्य अक्ष आखणाऱ्यांत या माणसाचा जीव रमत नसावा. खुंटी, बिजागरी, गाठ अशा लहान गोष्टींत तो रमायचा.

आणि खुर्ची.

नव्या सरकारला एकदम हजारो मेज, खुर्च्या, कपाटं, बाकं लागणार होती. बाहेरून आणायला पैसे नव्हते. कारखान्यात ठोक बनवावीत तर असा कारखानाही जवळ नव्हता. म्हणून नकाशे काढून चंडीगड आणि आसपासच्या सुतारांकडे कंत्राटं दिली. लाकूड साग, कारण तेव्हा ते परवडत होतं आणि वाळवी व दमटपणा दोन्हींना पुरून उरायचं. बैठक आणि पाठ वेताची, कारण वेतातून घाम वाहून जातो आणि फाटला तर विणकर पुन्हा विणून देतो. सगळी अक्कल बाजूच्या चौकटीत. मागचा आणि पुढचा पाय उलट्या इंग्रजी व्हीसारखे एकमेकांना टेकलेले, त्यांच्या शेंड्यावर हात टेकायची आडवी पट्टी. बाजू एकदा बसली की मधली बैठक बदलून त्याच चौकटीतून कारकुनाची खुर्ची, ग्रंथालयाची खुर्ची, समितीच्या सभेची गुबगुबीत खुर्ची असं सगळं निघतं. सुताराला अवघड कोरीवकाम नाही, सांधे उघडे, बाक दिसेल तिथे दिसू द्यायचा. प्रत्येक सुताराने आपल्या हाताप्रमाणे लाकूड थोडं जाड, थोडं बारीक ठेवलं, त्यामुळे एकाच नकाशाच्या दोन खुर्च्या जुळ्या भावंडांइतक्याही सारख्या नसतात.

हे नकाशे कुणी काढले? जानरे प्रमुख होता, दिशा त्याची होती, त्यात वाद नाही. पण ती एका कचेरीची निर्मिती होती. यूली चौधरींचा हात त्यात कितपत होता हे ज्यांनी फर्निचरचे कागद पाहिलेत त्यांना माहीत आहे. काही स्टुलं आणि खुर्च्यांवर आता लिलाववाले त्यांचंही नाव जोडू लागलेत. सुतारांची नावं कुठेच नाहीत. १९५० च्या दशकात याची कुणाला फिकीरही नव्हती. खुर्ची सरकारची होती. तिच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने खात्याचं नाव आणि नोंदवहीतला क्रमांक लिहिला की विषय संपला.

या मधल्या वर्षांत शहर झपाट्याने भरत गेलं. ७ ऑक्टोबर १९५३ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी राजधानीचं उद्घाटन केलं. १९५५ मध्ये उच्च न्यायालय सुरू झालं. माथुरांना बरोबर घेऊन जानरेने पंजाब विद्यापीठाच्या इमारती उभ्या केल्या. तिथलं गांधी भवन हे माझ्या मते त्याचं सगळ्यात सुंदर काम. पाण्यात उभ्या असलेल्या तीन पाकळ्यांसारखी ती इमारत पाहिली की भावाच्या सावलीत वावरलेला हा माणूस संधी मिळाल्यावर किती हलक्या हाताने बांधत होता ते दिसतं. कॉर्बुझिएच्या विधानसभेपुढे उभं राहिलं की दबून जायला होतं. गांधी भवनाभोवती माणूस सहज चक्कर मारतो.

१९६५ मध्ये प्रकृती ढासळल्यावर जानरे जिनिव्हाला परतला. त्याच वर्षी २७ ऑगस्टला कॉर्बुझिए भूमध्य समुद्रात पोहायला गेला आणि परत आला नाही. जानरे ४ डिसेंबर १९६७ ला गेला. त्याच्या इच्छेप्रमाणे पुतणी जाक्लीनने १९७० मध्ये अस्थी चंडीगडला आणल्या आणि सुखना तलावात सोडल्या. स्वित्झर्लंडच्या माणसाने अस्थिविसर्जनासाठी स्वतःच उभारायला मदत केलेल्या शहरातला तलाव निवडावा, हे पंजाबातल्या लोकांना अजून भावतं. मुख्य वास्तुविशारदाच्या खुर्चीवर शर्मा आले, पहिले भारतीय. रस्तेनिरीक्षक नेकचंद याने शहराच्या भंगारातून जंगलात गुपचूप उभारलेली बाग पाडून टाकायची वेळ आली तेव्हा तिला वाचवणाऱ्यांत हे शर्माही होते. यूली चौधरी पुढे हरियाणाच्या आणि मग पंजाबच्या मुख्य वास्तुविशारद झाल्या. १९९५ मध्ये त्या गेल्या.

आणि खुर्च्या म्हाताऱ्या झाल्या. वेत फाटला, पाय डुगडुगू लागले, प्लॅस्टिक आणि पोलादी फर्निचर स्वस्त झालं. सरकारी कचेरीत जुन्या वस्तूचं जे होतं तेच झालं. गच्चीवर, आवारात, जिन्याखाली ढीग लागले. निर्लेखनाचा शेरा पडला, भंगाराचा लिलाव झाला. काही रुपयांत सागवान मिळतंय म्हणून सरपणासाठी, फळ्यांसाठी लोकांनी ते उचललं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसचे काही गॅलरीवाले येऊन पोहोचले. त्यांनीही लिलावातच बोली लावली, पावती घेतली, कंटेनर भरले. कायद्याने त्यात काही गैर नव्हतं. आपला पुरावस्तूंचा १९७२ चा कायदा शंभर वर्षांखालच्या लाकडी वस्तूला पुरावस्तू मानत नाही, आणि या खुर्च्या तेव्हा पन्नाशीच्याही नव्हत्या.

पॅरिसला त्यांचं पॉलिश झालं, वेत नव्याने विणला गेला, मासिकांत फोटो आले. पाहता पाहता खुर्चीची किंमत लाखांवर गेली. लिलावाच्या कॅटलॉगमध्ये एक नाव ठळक छापलं जाऊ लागलं, पिएर जानरे. आयुष्यभर भावाच्या नावामागे उभ्या राहिलेल्या माणसाला शेवटी बाजाराने नाव मिळवून दिलं. हा न्याय झाला असं म्हणावंसं वाटतं, पण त्याच घासात आणखी काहीतरी गिळलं गेलं. बाजाराला कचेरी विकता येत नाही, त्याला एक माणूस लागतो. मग यूली चौधरी, सुतार, वेत विणणारे, सगळे त्या एका नावाखाली गेले. एके काळी पॅरिसच्या स्टुडिओत पिएर आणि शार्लोत यांचं जे झालं होतं ते या वेळी पिएरच्याच नावाने झालं.

एमी सीगल या अमेरिकन कलावतीने २०१३ मध्ये ‘प्रॉव्हनन्स’ नावाची फिल्म केली. ती उलटी चालते. आधी युरोप-अमेरिकेतल्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत आणि समुद्रावरच्या यॉटवर या खुर्च्या दिसतात, मग लिलावगृह, मग दुरुस्तीची कार्यशाळा, मग जहाज, आणि शेवटी चंडीगडच्या कचेरीत फायलींच्या ढिगामागे बसलेला कर्मचारी. फिल्ममध्ये निवेदन नाही. सीगलने पुढे ती फिल्मच लंडनमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात ठेवली, आणि तो लिलावही चित्रित केला. असला वात्रटपणा मला आवडतो. कारण या प्रकरणात साळसूदपणे एकाच बाजूला उभं राहणं कठीण आहे. गॅलरीवाले आले नसते तर बहुतेक खुर्च्या चुलीत गेल्या असत्या. आणि ते आल्यावर, किमती भडकल्यावर, आपल्या लोकांना वारशाची आठवण झाली. २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने हे फर्निचर विकू नये, देशाबाहेर जाऊ देऊ नये असा आदेश काढला. मग मोजदाद झाली. चंडीगडच्या कचेऱ्यांत, कॉलेजांत, न्यायालयात अशा १२ हजारांहून जास्त वस्तू अजून होत्या. मोजल्यावर त्यांच्या चोऱ्याही सुरू झाल्या. शहराचा नकाशा कोरलेली गटाराची झाकणंसुद्धा सुटली नाहीत. ओतीव लोखंडाची ती झाकणं परदेशच्या लिलावात झळकली.

इमारतींचं नशीब थोडं बरं. २०१६ मध्ये कॅपिटल संकुल जागतिक वारसा यादीत गेलं. २०१७ मध्ये जानरेच्या घराचं संग्रहालय झालं. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या टप्प्यातल्या, म्हणजे सेक्टर १ ते ३० मधल्या घरांचे मजल्यागणिक तुकडे करून विकायला मनाई केली. शहर पाच लाखांसाठी आखलं होतं, २०११ च्या जनगणनेतच ते दहा लाखांच्या वर गेलं. वारसा जपला तो बंगल्यांच्या सेक्टरमध्ये आणि गर्दी ढकलली गेली ती बाहेर, मोहाली-पंचकुल्याकडे. चपराशांच्या घरांवर मात्र खोल्या चढल्या, जाळ्या बुजल्या, व्हरांडे आत घेतले गेले. तिथे राहणाऱ्यांना दोष कोण देणार? जाळीतून वारा येतो तशी धूळही येते.

इकडे इटलीतल्या एका कंपनीने २०१९ मध्ये या घाटाच्या खुर्च्या नव्याने काढल्या, बंगळूरचा एक कारखानाही त्या निष्ठेने बनवतो, आणि दिल्लीपासून जोधपूरपर्यंत कितीतरी सुतारशाळा हुबेहूब नकला पुरवतात. मग अस्सल ओळखायची कशी? सुरुवातीला दुरुस्त करणारे जुना रंग खरवडून लाकूड चकचकीत करायचे. आता गिऱ्हाईक उलटं मागतं. शाईचे डाग हवेत, विडीचा चटका असेल तर उत्तम. आणि सगळ्यात भाव आहे तो पाठीवरच्या पांढऱ्या अक्षरांना. कुठल्या प्रयोगशाळेची, कुठल्या खात्याची, नोंदवहीत कितवी. भांडारपालाने ब्रशने लिहिलेला तो क्रमांक हाच आज खुर्चीचा जन्मदाखला मानला जातो. नकली खुर्च्यांवर आता ती अक्षरंही, थोडी वाकडी, थोडी पुसट, बेमालूम रंगवून मिळतात.